टाकीतली तोंडं

माझ्या नवऱ्याच्या तोंडात जेमतेम दीड बोट जातं हे आम्हाला ज्या वर्षी कळलं, त्याच वर्षी त्याने घरात समुद्र आणला. धडधाकट माणसाच्या तोंडात एकावर एक तीन बोटं सहज मावतात. चंद्रपूरच्या दातांच्या डॉक्टरांनी त्याला तोंड उघडायला सांगितलं, स्वतःची बोटं लावून पाहिली आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "खर्रा आजपासून बंद. गाल आतून दोरीसारखे कडक झालेत. हे मागे फिरत नाही, फक्त थांबवता येतं. नाही थांबवलं, तर पुढचं मी वेगळं सांगायला नको." नवऱ्याने मान डोलावली. दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता त्याने खिशातली पुडी काढली.

ज्यांनी आमचा भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. खर्रा म्हणजे सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना. हे सगळं प्लास्टिकच्या पन्नीत टाकून घोट घोट घोटायचं आणि चिमूटचिमूट गालात धरायचं. आमच्याकडे ते व्यसन समजत नाहीत, रीत समजतात. मला बघायला आले तेव्हा चहाच्या आधी ह्याच्या काकाने माझ्या वडिलांपुढे पुडी धरली. वडिलांनी चिमूट उचलली आणि तिथेच लग्न ठरलं. मी आत पोह्यांची बशी धरून उभी होते. त्या चिमटीला कोणी नाही म्हटलं असतं, तर आज मी कुठे असते, असं नंतर पुष्कळदा मनात आलं.

आम्ही गडचांदूरला राहतो. चारी बाजूंनी सिमेंटचे कारखाने, चुनखडीच्या खाणी आणि घरातल्या प्रत्येक वस्तूवर पांढरी धूळ. नवरा एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. खाणीतून आलेल्या दगडात चुना किती, हे दिवसभर तपासत बसतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मुलगी नागपूरला शिकायला गेली आणि तिची खोली रिकामी झाली. महिना गेला नाही तोच तिच्या अभ्यासाच्या टेबलावर काचेची टाकी आली. आमच्या पिठाच्या डब्याहून थोडी मोठी. मला आधी वाटलं, रंगीत मासे आणलेत. मासा एकही नव्हता. होते ते दगड, वाळू आणि दगडांना चिकटलेली काही फुलासारखी दिसणारी चिमुकली जनावरं.

"कोरल हाय," तो म्हणाला. "झाड नाई, जनावर हाय. समुद्रातलं."

"मग ते समुद्रात काऊन नाई?"

"इथी समुद्रच होता आधी," त्याने सुरू केलं. घरी कोणीही आलं की हे भाषण ठरलेलं. आपली सगळी चुनखडी म्हणजे जुन्या समुद्राचा तळ, आपण त्याच्यावरच बसून राह्यलो, वगैरे. शेजारच्या बाई कौतुकाने बघायला आल्या. बराच वेळ काचेला नाक लावून होत्या. मग मला हळूच विचारलं, "बाई, पोवळं व्हय का हे? माह्या पोराच्या अंगठीत बसवता येईन का? त्याले मंगळ हाय." नवऱ्याचा चेहरा असा पडला की मला आठवडाभर हसू पुरलं. तेवढंच काय ते हसू त्या टाकीने मला दिलं.

छोटी टाकी ही मोठ्या टाकीहून अवघड असते. ते कळायला मला वेळ लागला. मोठ्या पाण्यात चूक विरून जाते, छोट्यात ती सगळ्यांच्या अंगावर येते. आमच्याकडच्या उन्हात पाणी नुसतं उडतं. पण उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून रोज वरून साधं, गाळलेलं पाणी घालायचं, मिठाचं नाही. आठवड्याने थोडं जुनं पाणी काढून मोजून कालवलेलं मिठाचं नवीन घालायचं. पाणी सतत खेळतं राहिलं पाहिजे, त्यासाठी पंप. उजेड ठरलेल्या वेळेपुरता, त्यासाठी दिवा. आणि ही मंडळी एकमेकांशेजारी नांदत नाहीत. लांब मिशांचं एक होतं, ते रात्री आपल्या मिशा पसरून शेजारच्याला डसायचं. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या अंगावर पांढरा भाजल्यासारखा डाग दिसायचा. नवरा चिमट्याने त्यांना दूरदूर करायचा, पण एवढ्याशा टाकीत दूर तरी किती करणार? दोन खोल्यांत सासू आणि दोन जावा यांच्याबरोबर मी काढलेली वर्षं मला आठवायची. मी तिथे दिवसा डसले जायचे, एवढाच फरक.

त्याचं खाऊ घालणं बघण्यासारखं होतं. पंप बंद करायचा, बारीक नळीच्या पिचकारीत खाणं घ्यायचं आणि एकेका तोंडाशी नेऊन हलकेच सोडायचं. प्रत्येक बटणाएवढ्या जनावराला मधोमध एक चिरेसारखं तोंड असतं. खाण्याचा वास लागला की ते फुलतं, उघडतं, गिळतं.

"पाय, पाय, कसं तोंड उघडलं त्यानं," तो मला हाक मारायचा.

मी हातात ताट घेऊन मागे उभी असायचे. ताटात गिचका मऊ भात आणि फोडणी न घातलेलं वरण. तिखटाचा एक कण गालाला लागला तरी त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. भाकरी दुधात कुस्करून द्यावी लागे, चमचा आडवा करून आत सरकवावा लागे. आपल्या तोंडात घास जात नाही आणि हा माणूस दुसऱ्यांची तोंडं उघडली म्हणून हरखतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मी ताट टेबलावर आदळायचे, टाकीतलं पाणी हलायचं आणि तो माझ्यावर खेकसायचा. टाकीशेजारी आदळआपट नाई करायची, ते घाबरतात.

त्यातल्या दगडी हाडाच्या कोरलांना वाढायला चुना लागतो. त्यासाठी तो चुन्याची निवळी करायचा. गाळलेल्या पाण्यात चुना कालवून ठेवायचा, गाळ खाली बसला की वरचं स्वच्छ पाणी थेंबथेंब टाकीत सोडायचं. चुना कसा, किती, हे त्याच्या पोटापाण्याचंच ज्ञान होतं. कारखान्यातून येताना तो टाकीच्या पाण्याची शिशी तपासून आणायचा. त्यात काय किती कमी आहे हे त्याला बरोबर ठाऊक असायचं. त्याच चुन्याने आपला गाल आतून जळतो आहे, हे मात्र त्याच्या कुठल्याच तपासणीत येत नव्हतं. मी ते बोलून दाखवलं. तो म्हणाला, "मास्तरीणबाई, शाळेत शिकवा." आणि गालातला खर्रा दुसऱ्या गालात सरकवला.

त्याला खर्रा सोड म्हणून कोणी सांगितलं नाही असं नाही. डॉक्टरांनी सांगितलं. मी लग्नापासून सांगत होते, रडून, भांडून, अबोला धरून. मुलगी लहान असताना त्याच्या पुड्या तांदळाच्या कोठीत लपवायची. एकदा तिने शाळेतल्या तंबाखूविरोधी कार्यक्रमात भाषण केलं आणि ते घरी येऊन त्याच्यासमोर पुन्हा म्हणून दाखवलं. शेवटी "बाबा, माझ्यासाठी" असं होतं. तो हसला, टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या वाजवायच्या म्हणून पन्नी आधी खिशात ठेवली. ती नंतर कधीच त्या विषयावर बोलली नाही. अजूनही बोलत नाही.

हिवाळ्यात टाकी बिघडली. कोरल मिटायला लागले. सकाळी फुललेले असायचे, हा कामावरून येऊन, चिमटा पुरेना म्हणून उघडा हात टाकीत घालून काही नीट करायचा आणि तासाभरात सगळे मिटून सुकल्यासारखे. बटणासारख्या जनावरांचा एक गुच्छ करपून गळून पडला. त्याची झोप उडाली. पाणी तपासलं, मीठ तपासलं, चुना तपासला, मिठाचं पाकीट बदललं, दिवा बदलला. सगळं बरोबर निघायचं. मग त्याची आठवडाभर दुसरी पाळी आली आणि टाकीचं सगळं माझ्यावर पडलं. पाणी मी घातलं, काच मी पुसली, पडलेला दगड मी उचलून ठेवला. त्या आठवड्यात कोरल असे फुलले की टाकी भरून गेली.

रविवारी तो टाकीसमोर बराच वेळ बसून होता. मग आपला उजवा हात त्याने नाकाशी नेला. हुंगला.

"हाताचं हाय," तो म्हणाला. "मी हात घातला का मिटतात. तू घातला का उघडतात. तंबाखूनं मरून राह्यले हे."

"मग? मी तुमाले कधीपासून सांगून राह्यली?"

"तू सांगत होती ते माह्याबद्दल होतं," तो म्हणाला.

तो उठला. खिशातली पुडी, स्कूटरच्या डिक्कीतली पुडी, देव्हाऱ्यामागे ठेवलेली पुडी, सगळ्या काढून बाहेरच्या कचऱ्यात टाकल्या. हात साबणाने, मग लिंबाने, मग राखेने घासले. नखं कापली. त्या दिवसापासून खर्रा बंद.

मला आनंद व्हायला हवा होता. आधी राग आला. मोरीत गेले, नळ सोडला आणि तोंडात पदर कोंबून रडले. मी नाही, पोटची पोर नाही, डॉक्टर नाही. नखाएवढ्या एका जनावराने, ज्याला डोळे नाहीत, मेंदू नाही, ज्याला हा माणूस कोण तेही ठाऊक नाही, त्याने एका रविवारी काम उरकलं. बाहेर आले तेव्हा माझं मी ठरवलं होतं. मान अपमान खुंटीला टांगून ठेवायचा. ह्याचा खर्रा ज्यांच्या जिवावर सुटलाय, त्यांचा जीव जपायचा. कोरल जगले तर हा खर्रा खाणार नाही, आणि खर्रा खाल्ला नाही तर हा जगेल. माझा हिशोब साधा सरळ होता.

त्यानंतर मी त्या टाकीची जेवढी सेवा केली तेवढी सासूची केली असती, तर ती स्वर्गातून मला आशीर्वाद देत बसली असती. आमच्याकडचा उन्हाळा काय असतो ते ज्याने सोसला त्यालाच कळेल. माणसं दुपारी दारं लावून ओल्या पंच्यात पडून राहतात. कोरलना पाणी कोमट झालेलं चालत नाही, आणि आमच्या नळाचं पाणी तर आंघोळीलाही वेगळं तापवावं लागत नाही. मी टाकीच्या तोंडावर छोटा पंखा लावला. कूलर आमच्या खोलीतून काढून टाकीच्या खोलीत नेला. आम्ही उकाड्यात तळमळायचो, कोरल वाळ्याच्या वासात झुलायचे. बर्फाच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून पाण्यात सोडायच्या, त्याही बेताने, एकदम गार झालं तरी ते मरतात. दुपारी वीज गेली की मी शाळेतून धावत यायचे. मुख्याध्यापक विचारायचे, "बाई, घरी कोणी आजारी हाय का?" मी हो म्हणायचे. खोटं नव्हतं. घरी येऊन पळीने पाणी ढवळत बसायचे, वीज येईपर्यंत, हात भरून येईपर्यंत. ढवळायचं थांबलं की त्यांना श्वास मिळत नाही.

माझं माहेर सिरोंच्याचं. ऐन एप्रिलात आई आजारी पडली. मी गेले, एक रात्र राहिले आणि दुसऱ्या दिवशी निघाले. आई खाटेवरून बघत होती. तिला मी कारण सांगितलं होतं. तिचं सगळं आयुष्य गोदावरीच्या काठावर गेलेलं, मासा म्हणजे तिच्या लेखी कालवण. ती म्हणाली, "त्यात मासे बी नाई म्हणते. खाता येत नाई, विकता येत नाई. मग तू कायले जाऊन राह्यली?" मी म्हटलं, जावयासाठी. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. बसमध्ये मला तिच्या त्या पाठीचा राग आला, मग माझा, मग नवऱ्याचा, आणि शेवटी सगळा राग येऊन टाकीवर थांबला. घरी पोचल्यावर चपला न काढता आधी पाण्यात तापमापी घातली.

खर्रा सुटलेला माणूस सांभाळणं हे निराळंच. त्याला कशाचाच धीर नसायचा. डाळीत मीठ कमी म्हणून त्याने एकदा ताट भिंतीवर मारलं. मला म्हणाला, तुझं थोबाड बघितलं की मले तलफ येते. मुलीला फोनवर म्हणाला, तू तिकडेच राहा, इथी येऊन काय करतेस. मी सगळं गिळलं. डॉक्टरांनी तोंड उघडायचा व्यायाम सांगितला होता. आईस्क्रीमच्या काड्या दातांत धरायच्या आणि दर काही दिवसांनी एक काडी वाढवायची. मी रोज संध्याकाळी त्याच्यासमोर बसून काड्या सरकवायचे. तो हुंदका दिल्यासारखा आवाज काढायचा, मी आणखी दाबायचे. खरं सांगते, मला त्यात थोडं बरं वाटायचं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला दुखत होतं आणि तो उठून जाऊ शकत नव्हता.

मग मे महिन्यात त्याचा स्वभाव एकाएकी निवळला. हसायला लागला. काड्यांचा व्यायाम मीच करतो, तू कायले दमते, म्हणाला. मुलीला स्वतःहून फोन केला. त्याच सुमारास प्रयोगशाळेतून तो कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घेऊन आला. म्हणाला, ह्या बटणांच्या अंगात विष असतं, हाताला खरचटलेलं असलं तर बाधतं, जाणकार लोक हातमोजे घालूनच टाकीत हात घालतात. मी विचारलं तेव्हा फोनवर दाखवलंही. ते खोटं नव्हतं, तसं विष खरंच असतं. मला केवढं बरं वाटलं. म्हटलं, चला, ह्याला स्वतःच्या कातडीची किंमत कळायला लागली. ते हातमोजे मी धुवायचे, उलटे करून दोरीवर वाळत घालायचे. वाळले की आत पावडर टाकून टाकीशेजारी ठेवायचे.

आणि कोरल तर असे वाढत होते की काय सांगू. बटणं दगडभर पसरली. दगडी हाडाच्या एकाला नवीन तोंड फुटलं. मी शाळेत जायच्या आधी आणि आल्यावर टाकीसमोर उभी राहायचे. सगळी तोंडं उघडी दिसली की माझा दिवस चांगला जायचा. मुलीला मी फोटो पाठवायचे. खाली लिहायचे, बघ, बाबांनी अजून हात लावला नाही खर्र्याला. तिने एकदा विचारलं, "तू बाबांच्या तोंडात पाहिलं का?" मी म्हटलं, कायले पाहू, टाकी सांगते ना सगळं.

मृग लागला होता, पाऊस नव्हता. डॉक्टरांनी सहा महिन्यांनी बोलावलं होतं, त्याप्रमाणे आम्ही चंद्रपूरला गेलो. मी नवीन साडी नेसले होते, हे सांगायला मला लाज वाटते. डॉक्टरांनी त्याला खुर्चीत बसवलं, बोट लावलं. एकच बोट गेलं. त्यांनी दिवा ओढून आत बघितलं. मग बोटाने गाल आतून दाबत दाबत मागे नेलं. नवरा खुर्चीचे हात धरून ताठ झाला.

"खर्रा चालूच आहे," डॉक्टर म्हणाले.

"नाई," मी म्हटलं. "सोडला. हिवाळ्यातच सोडला."

"बाई, माझ्या बोटाला लागलाय आत्ता."

"शक्यच नाई, डॉक्टर. आमचे कोरल उघडे हाय. सगळेच्या सगळे. मी सकाळी पाहून आली."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. त्यांना मी काय बोलतेय ते कळलं नसणार. दवाखान्यातली पोरगी ट्रे धरून उभी होती, तीही बघत राहिली. मी त्यांना सांगायला लागले, की तंबाखूच्या हाताने ते मिटतात, मरतात, आणि रोज हे स्वतःच हात घालतात टाकीत, म्हणून मग...

"हातमोजे घालतो मी," नवरा म्हणाला.

तोंड न उघडता, दातांमधून. माझ्याकडे न बघता. एवढंच. मी जे धुवून, पावडर टाकून ठेवत होते, ते कशासाठी होते हे मला तिथे, परक्या माणसांसमोर कळलं. त्याला कोरल जगवायचे होते आणि खर्राही हवा होता. त्याने डोकं चालवलं आणि दोन्ही जमवलं. आमच्यापैकी कोणी त्या हिशोबात कुठेच नव्हतं.

मागच्या बाजूला गालात एक जखम होती, कडेने टणक झालेली. डॉक्टरांनी तिथला तुकडा काढून टाके घातले. म्हणाले, तपासायला पाठवतो, पण मला वाटतं तेच निघालं तर नागपूरला जाऊन ऑपरेशन. गालाचा तेवढा भाग आणि बहुतेक खालच्या जबड्याचं हाडही. त्यांनी ते मलाच सांगितलं. त्याला सांगून काही उपयोग नाही असं त्यांनी ठरवलेलं दिसलं.

बसस्टँडवर आम्ही बाकावर बसलो. त्याने खिशातून पुडी काढली, माझ्यासमोर, राजरोस. आता लपवायचं काय उरलं होतं? गालाला टाचलेलं होतं, रक्ताचा बोळा होता, तरी त्याने पन्नी मांडीवर ठेवून शांतपणे घोटली, चिमूट घेतली आणि दुसऱ्या गालात ठेवली. बोटं पँटला पुसली. बस लागली. गडचांदूर येईपर्यंत तो झोपला होता.

घरी आल्यावर मी पाणीही न पिता खाली बसले. तो सरळ टाकीच्या खोलीत गेला. तिथून त्याने विचारलं, "नागपूरले किती दिवस लागतीन?"

"डॉक्टर सांगतीन."

"तू बी येशीन ना माह्यासंग?"

"येईन."

"मग टाकी कोन पाहीन?"

मी उठून त्या खोलीत गेले. तो वाकून काचेत बघत होता. मी म्हटलं, "तुमी पोरीचं नाई विचारलं. तिले काय सांगायचं, कसं सांगायचं. तिचं पुढं कोन पाहीन."

"पोरगी मोठी हाय," तो म्हणाला. "हे एक दिवस बी नाई राहू शकत."

विजेचा बोर्ड दाराजवळच होता. मी पंपाचा प्लग ओढून काढला. मग पंख्याचा, मग दिव्याचा. त्या खोलीत सतत एक घरघर असायची, तिची इतकी सवय झाली होती की ती थांबल्यावर बाहेरचे ट्रक ऐकू आले. मी बोर्डाला पाठ लावून उभी राहिले.

"लाव," तो म्हणाला.

मी नाही लावला.

"लाव म्हणतो ना. मरतीन ते."

"मरू दे."

त्याने ओरडायचा प्रयत्न केला. ओरडायला तोंड उघडावं लागतं. नुसती हवा बाहेर आली, आणि टाके ओढले गेले असावेत, कारण ओठांच्या कडेने लाल लाळ ओघळली. तो मला बाजूला ढकलेल असं मला वाटलं होतं. मी त्याची वाट बघत होते, मला ते हवं होतं. पण तो वळला, टाकीसमोर गुडघ्यावर बसला, बाही वर केली आणि हात पाण्यात घालून ढवळायला लागला. जोरजोरात, कोपरापर्यंत, उघड्या हाताने. बसस्टँडवर खर्रा घोटला होता तोच हात. काचेतून मला सगळी तोंडं दिसत होती, अजून उघडी होती.

मी त्याला थांबवलं नाही.